अण्णांच्या हसण्याचा दर

बाबगोंडा अण्णांना विंचू चावला तो भर सौद्यात. हळदीच्या पोत्याखालून निघाला आणि त्यांच्या अनवाणी अंगठ्याला डसला. समोर खरेदीदार उभे, अण्णांचा हात उपरण्याखाली. अण्णांनी राहिलेल्या सगळ्यांचे हात घेतले, दर पुकारला, शेतकऱ्याला "पटलं का?" म्हणून विचारलं, त्याने मान हलवली, आणि मग पाणी मागावं तसं मला म्हणाले, "सदा, पायाला काय तरी चावलंय. बघ जरा."

बघतो तर अंगठा टरारून सुजलेला आणि विंचू पोत्याला चिकटून बसलेला. मला दरदरून घाम फुटला. अण्णांना नाही.

मी सांगलीच्या हळदपेठेत तोलाईदार होतो. काट्यावर पोती चढवायची आणि वजन पुकारायचं. अण्णा आमच्याच शेठजींच्या अडत दुकानात सौदे करायचे. शेतकरी हळद आणून आमच्या दारात ओतणार, शेठजी ती विकून देणार, आणि ते विकायचं काम अण्णांचं. तेव्हा दर तोंडाने बोलायची पद्धत नव्हती. अण्णा उजव्या हातावर उपरणं टाकून उभे राहत. एकेक खरेदीदार पुढे येई, उपरण्याखाली हात घाली आणि अण्णांची बोटं दाबून आपला दर सांगे. सगळ्यांचे हात झाले की ज्याचा दर वरचा, त्याचं नाव अण्णा पुकारत. कोणी किती बोललं ते दुसऱ्याला कळायचं नाही.

आता कळायचं नाही म्हणजे हातावरून कळायचं नाही. पण मागे उभे राहिलेले बाकीचे काय आंधळे असतात? त्यांची नजर सौदा करणाऱ्याच्या तोंडावर. भुवई जरा वर गेली की ओळखायचं, पहिल्या गड्याने चांगला दर दिलाय. ओठ मुडपला की ओळखायचं, पडेल दर आहे, आपणही हात आखडता घ्यावा. बाकीच्या दुकानांतले सौदेवाले असे धडाधड वाचले जायचे. अण्णांचं तोंड वाचणारा मात्र अजून जन्माला यायचा होता.

म्हणूनच शेतकरी लांबून लांबून यायचे. वाटेत चार दुकानं सोडून कडेगावची गाडी आमच्या दारात लागायची. गाडीवान खाली उतरायच्या आधी विचारायचा, "अण्णांचाच हात हाय न्हवं?" असेल तरच बैल सोडायचा.

हे नाव अण्णांनी फुकट कमावलं नव्हतं. त्यांचं एक शास्त्र होतं. "तोंड हे दुकानाचं दार हाय," ते मला सांगायचे, "उघडं टाकलं की कुत्रं शिरतंय." माझं तोंड म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यामुळे हा उपदेश मला दिवसाआड व्हायचा. घरून दुकानात यायला मागची गल्ली जवळ पडायची, पण अण्णा कधी त्या गल्लीने आले नाहीत. सगळ्या पेठेला वळसा घालून, गुलाबी पटका, पांढरंशुभ्र धोतर, मधोमध चालत यायचे. "सौदं करणारा मानूस समद्यास्नी दिसाय पायजे. मागनं आला की लोकं म्हंत्यात, कुणाकडं जाऊन आला?" खरेदीदाराबरोबर चहा प्यायचा नाही. एकाशी बोलायचं तेवढंच दुसऱ्याशी बोलायचं. त्यासाठी त्यांनी बोलणंच ठरवून टाकलं होतं: "या. बसा. पानी घ्या." मद्रासकडचा मोठा पेढीवाला येवो की कोपऱ्यावरचा किराणेवाला, हेच सहा अक्षरांचं स्वागत. पाचवा शब्द कोणाला मिळाला नाही. बरं, मंडईत भाजी घ्यायलाही जायचे नाहीत. का, तर वांगी घासाघीस करून घेताना कोणी बघितलं तर पत जायची.

शेजारच्या दुकानात एक तरुण सौदेवाला होता, त्याने अण्णांची नक्कल करायची ठरवली. आठ दिवस गाल आवळून उभा राहिला. नवव्या दिवशी त्याला हळदीच्या धुरळ्याने शिंका यायला लागल्या आणि प्रत्येक शिंकेला खरेदीदार दर वाढवायचा की उतरवायचा म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. गडी पुन्हा भुवया उडवायला लागला, तेव्हा पेठेला बरं वाटलं.

खरेदीदारांनीही अण्णांना हलवायचे पुष्कळ प्रयत्न केले. विरूपाक्षप्पा नावाचे एक कानडी मुलखातले व्यापारी होते, पोट सुटलेले, मोठे गमत्ये. त्यांनी मोसमभर हात घालताना अण्णांच्या कानात चावट चुटके सांगितले. मागची माणसं खो खो हसायची, विरूपाक्षप्पा स्वतः हसून हसून खोकायचे. अण्णा म्हणायचे, "म्होरचा."

एकदा मी त्यांना नाटकाला नेलं. सांगलीत राहून माणसाने नाटक बघितलेलं नाही ही गोष्ट मला सहन होत नव्हती. फार्स होता. मी हौसेने पुढची जागा धरली, तिथंच चुकलं. विनोदी काम करणारा नट बिचारा पहिल्या प्रवेशातच अण्णांकडे बघून गडबडला. लोक हसतायत, पण पुढे एक माणूस मयताला आल्यासारखा बसलाय. नट अण्णांसाठी म्हणून दोन उड्या जास्त मारायला लागला. शेवटी मध्यंतरात नाटकवाल्यांचा एक माणूस आला आणि मला हळूच म्हणाला, पाहुण्यांना जरा मागे बसवता का. घरी जाताना मी चिडून विचारलं, "अण्णा, आवडलं का नाही?" म्हणाले, "लय हसलो."

काकूंची तर वेगळीच तऱ्हा. काकू म्हणजे अण्णांची बायको, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्या म्हणायच्या, "लगीन हून आलो तवापास्नं आमटीत मीठ कमी का जास्त, मला कळलेलं न्हाई. ह्यांच्या तोंडाकडं बघून सैपाक कराय लागलो असतो तर घर उपाशी मेलं असतं." आणि हे सगळं अण्णा शेजारी बसून ऐकायचे आणि भाकरी मोडायचे.

तर असा हा माणूस. सुखी होता, नाव होतं, दिवस मावळायच्या आत जेवायचा आणि शांत झोपायचा. त्याला कशाची ददात आहे असं मला कधी वाटलं नाही. ते कळलं साताऱ्यात.

अण्णांची एकुलती एक मुलगी पद्मा साताऱ्याला दिलेली. जावई शाळामास्तर. तिला सासरीच मुलगी होऊन दोन-अडीच वर्षं झालेली, पण अण्णांना मोसम सोडून जायला जमलं नव्हतं. दिवाळीनंतर ते निघाले. माझी बहीण साताऱ्यातच दिलेली, म्हणून मीही बरोबर. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळायचं नाही, मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीमागे शेगडी पेटलेली आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. कराडच्या पुढे आम्ही निम्मा रस्ता ढकलतच गेलो. अण्णा पटका न हलवता ढकलत होते. त्यांच्या पिशवीत लाकडी बाहुली होती. ती त्यांनी स्वतः जाऊन घेतली होती, आणि घासाघीस न करता, हे मला दुकानदाराने नंतर सांगितलं.

पद्माने दार उघडलं. तिच्या पदराआडून चिमीने डोकं काढलं. गोरी, गुबगुबीत, नाकाला शेंबूड. अण्णांनी बाहुली पुढे धरली. चिमीने बाहुलीकडे बघितलं, मग वर अण्णांच्या तोंडाकडे बघितलं, आणि असा टाहो फोडला की शेजारच्या बायका धावत आल्या.

आम्ही दोन दिवस होतो. अण्णा सोप्यावर आले की पोर आत. अण्णा आत गेले की पोर माळ्याच्या शिडीवर. मी मात्र जीभ बाहेर काढून, डोळे तिरळे करून माकड करून दाखवलं, तर पाच मिनिटांत माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या मिशा ओढायला लागली. अण्णा खांबाला टेकून बघत होते. बाहुली त्यांच्याच हातात होती.

परतीच्या मोटरीत कराड आल्यावर अण्णा म्हणाले, "सदा, तू काय केलंस रं तिला?"

"काही नाही. तोंड वेडंवाकडं केलं."

पुढची दोन गावं गेली.

"मला शिकीव," अण्णा म्हणाले. "पाडव्याच्या सुमारास पद्मी पोरीला घिऊन येनार हाय. तवर जमाय पायजे."

मी हसणार होतो, पण त्यांच्याकडे बघून हसलो नाही. तोंड तसंच होतं. आवाज मात्र तसा नव्हता.

मग आमची शिकवणी सुरू झाली. दुपारी पेठ सुस्तावली की पोत्यांच्या थप्पीमागे आम्ही दोघे. मी म्हणायचो, "अण्णा, आधी नुसतं हसा. माकड नंतर." अण्णा दोन्ही ओठ दोन बाजूंना ओढायचे. वरचे दात दिसायचे, डोळे जिथल्या तिथे.

"हे झालं का?"

"अण्णा, हे दाढ दुखतेय असं दिसतंय."

पुन्हा करायचे. तेवढ्यात एक हमाल पाणी प्यायला आला, त्याने बघितलं आणि घाबरून म्हणाला, "आवं अण्णा, बरं वाटंना व्हय?" अण्णांनी तोंड झटकन मिटलं. "दात कोरत हुतो," म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना तेवढंच ऐकलं.

असंच एका सकाळी त्यांनी घरी काकूंवर प्रयोग केला. तासाभरात काकूंचा मला निरोप, ताबडतोब या. गेलो तर काकू दारातच रडवेल्या. "सदाभावजी, ह्यांना लकवा झाला का काय बगा. सकाळी माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. म्या वैद्याला बलवलंय." आतमध्ये अण्णा पाटावर बसलेले आणि वैद्यबुवा त्यांचे गाल चेपून बघतायत. मला हसू आवरेना. मग मी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगायचं की. मी शिकीवलं असतं." आणि आत जाऊन वैद्यबुवांना ताक दिलं.

पाडव्याला पद्मा आली. चिमी आता तीनेक वर्षांची, बडबडी. अण्णांनी दारात उभं राहून चार महिन्यांचं शिकलेलं ते हसू काढून दाखवलं. पोर रडली नाही, एवढंच. टक लावून बघत राहिली आणि मग आईला म्हणाली, "आई, हे आजोबा काय खातायत?"

अण्णांनी त्या दिवसापासून शिकवणी सोडली. "न्हाई जमत सदा," म्हणाले. "ह्या तोंडाला आता पेठंचीच सवय. हुईल तसं हुईल." मला फार वाईट वाटलं. चार दिवसांनी पोर परत जाणार होती.

त्या चार दिवसांतच बाजार आला. मोसम ऐन भरात, दारात हळदीचे ढीग, पेठेत पिवळा धुरळा. कडेगावच्या एका शेतकऱ्याची हळद चालली होती. माल चांगला होता, पण लय भारी म्हणावा असा नव्हता. सहा-सात खरेदीदार. पहिले दोन हात झाले, तिसरा हात विरूपाक्षप्पांचा. त्यांनी उपरण्याखाली हात घातला आणि नेमकी त्याच वेळी पद्मा दुपारच्या भाकरीचा डबा घेऊन दुकानाच्या दारात आली. चिमी तिचा हात सोडून आत पळाली.

आत आली आणि घाबरली. ढीगच ढीग, घाम निथळणारे हमाल, मोठमोठी धोतरं, सगळे अनोळखी बाप्ये. आई दिसेना. पोर गर्रकन फिरली, तोंड रडवेलं झालं, आणि त्या गर्दीत तिला एक ओळखीचं तोंड दिसलं. धावत गेली आणि अण्णांचं धोतर दोन्ही मुठींत धरून त्यांच्या गुडघ्यात तोंड खुपसलं. "आजोबा," म्हणाली.

अण्णांनी खाली बघितलं.

आणि अण्णा हसले. शिकवलेलं नाही. दाढदुखीचं नाही. डोळे बारीक झाले, गालाला घड्या पडल्या, पटक्याखालचं सगळं कपाळ हललं. इतक्या वर्षांत त्यांना डाव्या बाजूला खालचा एक दात नाही हे मला त्या दिवशी दिसलं.

मला दिसलं तसं पेठेलाही दिसलं. पण पेठेला खालची पोर दिसली नाही, ढीग आड होता, आणि जवळ येणाऱ्याला हातावरचं उपरणं आड. पेठेला एवढंच दिसलं की विरूपाक्षप्पांनी बोटं दाबली आणि बाबगोंडा अण्णा हसले. अण्णा हसले म्हणजे काय दर दिला असेल विरूपाक्षप्पांनी? मद्रासहून तार आली असणार. बाजार चढणार. मागचे खरेदीदार एकमेकांना ढकलत पुढे आले. एकेकाने घाईघाईने हात घातले, जोराने बोटं दाबली. ज्याचा हात झाला होता तोही म्हणायला लागला, मला पुन्हा घालू द्या. विरूपाक्षप्पा गोंधळून स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

शेवटचा हात निघाला. आता अण्णांनी नाव पुकारायचं. शेठजी गादीवरून अर्धे उठले होते. मी काट्याशी उभा होतो. एक शब्द पुकारला की सौदा पक्का, आणि अण्णांचं नाव आणखी मोठं झालं असतं. अण्णा हसले आणि दर चढला, अशी गोष्ट पेठेने नातवंडांना सांगितली असती. गप्प राहायचं हेच तर त्यांचं जन्मभराचं काम. हसण्याचं कारण सांगू नका अण्णा, नाव पुकारा आणि गप्प राहा, असं मी मनात म्हणत होतो.

अण्णांनी उपरणं हातावरून काढून खांद्यावर टाकलं. वाकले, चिमीला उचलून कडेवर घेतलं.

"हा सौदा मोडला," म्हणाले. "पुन्हा हात घालायचं."

पेठ गार पडली. अण्णांनी सौदा मोडलेला कोणी ऐकला नव्हता.

"ही माझी नात," अण्णा म्हणाले. "माझ्याजवळ येत नव्हती. आज आली, म्हनून हसलो. त्यात दराचं काय बी न्हाई. माझ्या तोंडानं तुमास्नी फसिवलं. चूक माझी."

कडेगावचा शेतकरी डोळे मिचकावत म्हणाला, "आवं अण्णा, बेस चाललं हुतं की. माझ्या हळदीचं काय आता?"

"तुमच्या हळदीला हळदीचा दर मिळंल," अण्णा म्हणाले. "माझ्या नातीचा नगं."

मग विरूपाक्षप्पा पोट धरून जे हसायला लागले, ते सगळ्या पेठेला घेऊनच. अण्णा थांबून राहिले. हसणं ओसरल्यावर त्यांनी पोर कडेवर ठेवूनच उपरणं उजव्या हातावर टाकलं. "या," म्हणाले. सगळ्यांनी पुन्हा हात घातले. दर आला तो सरळ, वाजवी आला, कणभर चढाच. शेतकरी म्हणाला, "लय न्हाई, पर ठीक हाय." आणि मी पोती काट्यावर चढवली.

अण्णांचं नाव गेलं असं मला दोन दिवस वाटत होतं. पुढच्या बाजाराला कडेगावच्या तीन गाड्या जास्त आल्या. खरेदीदार चेष्टा करायचे, "अण्णा, नात गावाला गेली न्हवं? मग घालतो हात." अण्णा म्हणायचे, "या. बसा. पानी घ्या." तोंड पूर्वीसारखंच.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. सौदे आटोपले आणि अण्णा थप्पीमागे भाकरी खायला बसले. चिमी त्यांच्या मांडीवर, हातात कांद्याची पात. पद्मा वाढत होती. वाढता वाढता थांबली. मी तिथून उठावं की काय असं मला झालं, पण पायरीवरच बसून राहिलो.

"अण्णा," ती म्हणाली, "मी सासरला निघाले तवा समदी रडत हुती. हमालसुदीक रडले. तुमचं तोंड दगडासारखं. मला वाटलं, ह्यांना काय बी न्हाई. कराडपतूर मी त्याच गोष्टीला रडत गेले."

अण्णांनी घास खाली ठेवला. बराच वेळ नातीच्या केसांतला हळदीचा धुरळा झाडत राहिले.

"लय वाईट वाटलं हुतं गं," म्हणाले. "पर मांडवात समदं खरेदीदार बसलं हुतं."

पद्माने पदराने डोळे टिपले.

"आज बी समदं हुतंच की, अण्णा."

"हुतं," अण्णा म्हणाले. "असूंदेत."